शहरनामधारी युद्धनौका

शहराचे नाव धारण करणाऱ्या लढाऊ नौकांना शहरनामधारी युद्धनौका म्हणता येईल. भारतीय नौदलात मोठ्या शहरांची नावे प्रामुख्याने विनाशिकांना (डिस्ट्रॉयर, म्हणजे वेगवान मोठ्या लढाऊ नौकांना) दिली जातात, तर फ्रिगेट या त्यांहून सहसा लहान असलेल्या लढाऊ नौकांना पर्वत, नद्या किंवा शस्त्रे यांची नावे मिळतात. हा संकेत आहे, अपवाद नसलेला नियम नव्हे. सोव्हिएत संघात बांधलेल्या एका जुन्या पाणसुरुंगशोधक नौकेचे नाव ‘रत्नागिरी’ होते, आणि कोचीन शिपयार्डने बांधलेल्या उथळ पाण्यातील पाणबुडीविरोधी नौकांपैकी एकीला मालवणचे नाव मिळाले आहे.

स्वतंत्र भारताच्या अशा पहिल्या मोठ्या नौकेचा जन्म भारतीय गोदीत झाला नव्हता. इंग्लंडमधील बर्कनहेड येथील कॅमेल लेअर्ड कंपनीने बांधलेली ‘अकिलीस’ ही क्रूझर (तोफांनी सज्ज मोठी युद्धनौका) डिसेंबर १९३९ मध्ये ‘ग्राफ श्पे’ या जर्मन नौकेविरुद्ध रिव्हर प्लेटची लढाई लढली होती. १९४८ मध्ये ती भारताने घेतली व तिचे नाव ‘दिल्ली’ ठेवले. १९६१ मध्ये दीवच्या मुक्तिसंग्रामात तिने भाग घेतला आणि १९७८ मध्ये ती निवृत्त झाली. मूळची ‘नायजेरिया’ असलेली दुसरी ब्रिटिश क्रूझर १९५७ मध्ये ‘म्हैसूर’ या नावाने दाखल झाली. १९७१ च्या युद्धात ती पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाची नौका, होती. नौका मोडीत निघाली तरी नाव निवृत्त होत नाही, ते नव्या नौकेला दिले जाते. त्यामुळे पुढे ही दोन्ही नावे मुंबईत बांधलेल्या विनाशिकांकडे आली.

या विनाशिका माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. या ठिकाणी १७७४ मध्ये एक लहान सुकी गोदी होती. १९३४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९६० मध्ये ती केंद्र सरकारच्या ताब्यात आली. ‘प्रकल्प १५’ या विनाशिका-बांधणी योजनेतील ‘दिल्ली’ (सेवेत दाखल १९९७), ‘म्हैसूर’ (१९९९) व ‘मुंबई’ (२००१), त्यानंतर प्रकल्प १५ अ मधील ‘कोलकाता’ (२०१४), ‘कोची’ (२०१५) व ‘चेन्नई’ (२०१६), आणि प्रकल्प १५ ब मधील ‘विशाखापट्टणम’ (२०२१), ‘मुरगाव’ (२०२२), ‘इम्फाळ’ (२०२३) व ‘सुरत’ (जानेवारी २०२५) अशा दहा विनाशिका येथून नौदलाला मिळाल्या. शेवटच्या चौघींची लांबी १६३ मीटर असून पूर्ण भारासह विस्थापन (नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे, म्हणजेच नौकेचे वजन) सुमारे ७,४०० टन आहे. चार गॅस टर्बाइनांवर त्या चालतात आणि ब्रह्मोस व बराक-८ ही क्षेपणास्त्रे बाळगतात. नावाचे शहर आणि नौकेचा तळ यांचा संबंध असतोच असे नाही: ‘मुंबई’ डिसेंबर २०२३ मध्ये पूर्व नौदल कमांडमध्ये विशाखापट्टणमला गेली.

बांधणीचा कालावधी वाचकाला अनेकदा चकवतो. वृत्तपत्रांत गाजणारे जलावतरण म्हणजे केवळ सांगाडा पाण्यात उतरणे होय. यंत्रे, तारा, रडार आणि शस्त्रे बसवून चाचण्या पार पाडण्यात त्यानंतर कित्येक वर्षे जातात. ‘इम्फाळ’चा कणा (नौकेच्या तळाचा पहिला भाग) २०१७ मध्ये मांडला गेला, ती २०१९ मध्ये पाण्यात उतरली आणि सेवेत यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. नव्या ‘दिल्ली’ला तर कणा मांडल्यापासून दहा वर्षे लागली, मधल्या काळात सोव्हिएत संघच विसर्जित झाल्याने तेथून येणाऱ्या सामग्रीचा पुरवठा विस्कळीत झाला.

शहराला समुद्र असणे ही नावाची अट नाही. दिल्ली, म्हैसूर आणि इम्फाळ ही तिन्ही शहरे किनाऱ्यापासून दूर आहेत. ईशान्येकडील शहराचे नाव मिळालेली इम्फाळ ही पहिली युद्धनौका असून तिच्या बोधचिन्हावर कांगला राजवाडा आणि कांगला-सा हा पौराणिक प्राणी आहे. मुंबईपासून रेल्वेने ८३७ किलोमीटर दूर असलेल्या, महाराष्ट्राच्या उपराजधानीचे, म्हणजे नागपूरचे, नाव धारण करणारी युद्धनौका आज ताफ्यात नाही. ती का नाही, असे कोणी विचारले तर ‘इथे समुद्र नाही’ हे उत्तर वरील उदाहरणे पाहता टिकत नाही. नागपूरचा संरक्षण उत्पादनाशी संबंध जमिनीवरून येतो: अंबाझरीची आयुध निर्माणी आणि यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचे मुख्यालय येथे आहे.

नद्यांच्या वाटेने मात्र नागपूरचे पाणी एका नौकेच्या नावापर्यंत पोहोचले होते. नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. ‘गोदावरी’ ही फ्रिगेटही माझगावचीच होती. १९८३ मध्ये ती दाखल झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत निवृत्त झाली.