अनंत घ्यायला गेलात की आधी पान तोडून बघा

पाऊस सुरू झाला की सांगलीत नर्सरीत गर्दी होते आणि दरवर्षी ओळखीतलं कुणीतरी वासाच्या पांढऱ्या फुलांचा अनंत समजून डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांची, तगर घरी आणतंच. मी पण आणलेली. दोन वर्षं वाट बघितली, मग फुलं आली, पांढरीशुभ्र, भरगच्च, पण वास काही येईना, नाकाला लावलं तरी नाही. मग मेढ्याहून आई आली, तिनं फुलाकडं बघितलंच नाही, एक पान खुडलं, देठातनं पांढरा चीक आला तो बोटावर घेऊन मला दाखवला आणि म्हणाली, "अगं, ही तगर आहे, अनंताला चीक नसतो."

एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे, कारण फूल नसलेलं रोप घेताना दुसरं काही पटकन कळत नाही. तगर ही कण्हेर, सदाफुली, देवचाफा यांच्या कुळातली, त्या सगळ्यांना चीक असतो. अनंत मात्र कॉफीच्या कुळातला, आपली एक्झोरा आणि कदंब पण त्यातलेच. या कुळाची अजून एक खूण म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांच्या मधे, फांदीला चिकटून एक बारीक हिरवं टोपण असतं, अनंताच्या शेंड्याला नीट बघितलं की दिसतं. पान पण जाड, गडद, तेल लावल्यासारखं चकचकीत, शिरा आत दबलेल्या. तगरीचं पान त्यामानाने पातळ आणि कडेला थोडं लाटा आल्यासारखं.

फुलात फसायला होतं ते डबलमुळं. सिंगल असेल तर सोपं आहे, तगरीला पाच पाकळ्या, भिंगरीसारख्या एका बाजूला वळलेल्या, अनंताला बहुतेक सहा. डबल अनंताच्या पाकळ्या जाड, मेणासारख्या, कळी हिरवट आणि पीळ घातलेली, आणि फूल झाडावरच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोण्यासारखं पिवळं पडतं. ते खराब झालं म्हणून तोडून टाकू नका हो, तेव्हाही घरभर वास असतो! तगरीला वास अगदी मंद, तोही रात्री. पण ती बारा महिने फुलते, रोज देवाला पांढरं फूल हवं असेल तर तगरच लावा, अनंताचा बहर उन्हाळ्याच्या शेवटाला आणि पावसाच्या सुरुवातीला.

सिंगल अनंताला नारिंगी फळ पण येतं, कंगोरे असलेलं. त्यात केशरात असतं तेच रंगद्रव्य असतं, क्रोसिन, म्हणून अनंत जिथला मूळचा त्या चीन-जपानकडं त्या फळानं खाण्याला पिवळा रंग देतात, जपानात मुळ्याच्या लोणच्याला सुद्धा. तगरीच्या शेंगा जोडीनं येतात, आत लाल गर, पण तो खायचा नाही, लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा.

आता खरा अनंत मिळाला तरी सांगलीत खरं काम तिथून पुढं सुरू होतं. आईच्या दारात मेढ्याला तो लाल मातीत, काही न करता, डोक्याएवढा उंच झालाय. तिथली माती आंबट, अनंताला तशीच लागते, सामू (पीएच) ५ ते ६ च्या आसपास. इकडं कृष्णाकाठची काळी माती, चुनखडी, त्यात बोअरचं जड पाणी. मी आईकडनं आणलेलं रोप जमिनीत लावलं तर चार महिन्यांत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून बोअरचं पाणी घातलं आणि अजून बिघडलं. मातीत लोह असतं पण चुन्यामुळं मुळांना ते घेता येत नाही, तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे पिवळं पान चांगलं माहीत आहे, ते चिलेटेड फेरस, म्हणजे मुळांना घेता येईल असं लोह, देतात तेच मी थोडं दिलं. आणि रोप उकरून मोठ्या कुंडीत घेतलं, लाल माती, पालापाचोळ्याचं खत, पाणी पत्र्यावरनं धरलेलं पावसाचं. महिनाभरात नवा शेंडा हिरवा आला, बघून डोळ्यात पाणीच आलं माझ्या. तगरीला यातलं काहीच लागत नाही, ती काळ्या मातीत, बोअरच्या पाण्यावर मजेत वाढते.

ओळखीत कुणाकडं खरा अनंत असेल तर विकत घेऊच नका, आत्ता पावसात वीतभर फांदी मागून आणा, खालची पानं काढा, लाल मातीत खोचून सावलीत ठेवा. तगर लवकर धरते, अनंताला वेळ लागतो, मधेच उपटून मुळं आली का बघू नका.