पूर्वतयारी, कुस्तीतील (खानदेश)

कुस्तीआधी मल्ल आणि वस्ताद यांनी करावयाची माती, शरीर, खुराक व वजन यांची सिद्धता. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत काळी जमीन आणि कडक उन्हाळा यांमुळे तिला वेगळे वळण लागते.

या शास्त्राच्या उगमाविषयी मतभेद आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (बारावे शतक) मल्लांची वर्गवारी आणि खुराक आढळतो. आखाड्याची सिद्धता व ऋतुमानाप्रमाणे आहार सांगणारे ‘मल्लपुराण’ काहीजण तेराव्या शतकातले मानतात. ते बरेच नंतरचे असावे, हे मत अधिक सावध वाटते. ते गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल या पारंपरिक मल्ल-समाजाशी निगडित आहे. गुजरात शेजारी असला, तरी तेवढ्यावरून खानदेशी तालमींचे मूळ तिकडे नेणे धाडसाचे होईल.

काळी रेगूर माती हौद्याला, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याला, चालत नाही : ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की ढेकळे होऊन गुडघे-कोपरे सोलवटतात. म्हणून लाल माती आणवून, चाळून साधारण फूट-दीड फूट जाडीचा थर देतात. तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर व काव (गेरू) मिसळतात. तेल जास्त झाले तर पकड सुटते. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. चैत्र-वैशाखात पाणी आदल्या संध्याकाळी शिंपडून पहाटे कुदळीने खणावे. ऐनवेळी शिंपडल्यास वर चिखल आणि खाली धूळ राहते.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. बाहेरून आलेल्या मल्लाचे शरीर या उन्हाला सरावायला 10 ते 14 दिवस लागतात. तोवर मेहनत हळूहळू वाढवावी. मेहनतीआधी आणि नंतर घाम पुसून वजन करावे. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड लिटर पाणी, थोड्या मिठासह, पुढच्या काही तासांत घोट-घोट द्यावे. घट शरीराच्या वजनाच्या 2 टक्क्यांपुढे गेली, तर दम लवकर तुटतो. नुसत्या पाण्याचा मारा केल्यास पोट डबडबते आणि मीठ भरून निघत नाही.

जत्रेच्या दंगलीत (कुस्त्यांच्या फडात) मल्लांची जोड अंगलट, म्हणजे शरीराची ठेवण, पाहून जागेवरच ठरते. मॅटवर मात्र वजनगट काटेकोर असतो. 2018 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एकेक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही सकाळी वजन होते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटात दुसऱ्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. पहिल्या दिवशीच्या कुस्त्यांनंतर खाल्ल्या-प्यायल्याने वजन किती चढते, याची रंगीत तालीम वस्तादाने स्पर्धेच्या काही आठवडे आधी करून घ्यावी. पाणी तोडून उतरवलेले वजन खानदेशच्या उन्हाळ्यात विशेष धोक्याचे.