भारतीय माकूल : प्रजनन

भारतीय माकूल (इंग्रजीत स्क्विड; शास्त्रीय नाव यूरोट्यूथिस डुवाउसेली, पूर्वीचे नाव लोलिगो डुवाउसेली) हा शीर्षपाद वर्गातील, लोलिजिनिडी कुलातील मृदुकाय प्राणी आहे. तांबड्या समुद्रापासून दक्षिण चीन समुद्रापर्यंत तो आढळतो आणि भारताच्या किनाऱ्यावर ट्रॉलच्या (बोटीने ओढत नेलेल्या) जाळ्यात मिळणाऱ्या माकुलांत त्याचाच भरणा सर्वाधिक असतो.

माकुलात नर व मादी वेगवेगळे असून नर मादीपेक्षा बराच लांब वाढतो. प्रौढ नर ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे पोटाकडील डावा बाहू. त्याच्या टोकाकडील भागातील चूषके (चिकटून धरणाऱ्या वाट्या) बदलून तेथे लहान बोथट उंचवटे तयार झालेले असतात. नराचे शुक्राणू मोकळे नसतात. ते बारीक नळीसारख्या कुप्यांत भरले जातात व मीलनाच्या वेळी हा बाहू त्या कुप्या मादीच्या प्रावारपोकळीत (शरीराच्या बाह्य आवरणाच्या आतील पोकळीत) किंवा मुखाभोवतालच्या पटलावर ठेवतो. मादीच्या मुखाजवळ शुक्राणू साठवण्याची खास पिशवी असल्यामुळे मीलन आणि अंडी घालणे या दोन क्रिया एकाच वेळी घडाव्या लागत नाहीत.

माकूल साफ करताना मादीच्या पोटात दोन लांबट, पांढऱ्या, जाड ग्रंथी दिसतात. त्यांना अनेकजण गाबोळी समजतात, पण अंडी त्यांच्यामागे, शरीराच्या निमुळत्या टोकाकडील एकाच अंडाशयात असतात. या ग्रंथींतून अंड्यांभोवतीचे श्लेषी (बुळबुळीत) आवरण स्रवते. त्यांच्या पुढच्या टोकाशी असलेली साहाय्यक ग्रंथीची लहान जोडी कोवळ्या मादीत फिकट असते आणि मादी पक्व होताच त्या जोडीवर नारिंगी-तांबडे ठिपके उमटतात. अंडाशय न तपासताही मादीची पक्वता सांगणारी ही खूण फार उपयोगाची आहे. या साहाय्यक ग्रंथीत सहजीवी जीवाणू राहतात.

अंडी बोटाच्या आकाराच्या श्लेषी कोशांत असतात व हे कोश समुद्रतळाशी चिकटवले जातात. पक्व अंडाशयात निरनिराळ्या आकारांची अंडी एकाच वेळी आढळतात, त्यावरून मादी टप्प्याटप्प्याने अंडी घालते असे मानले जाते. अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले मोठ्यांचीच लहान प्रतिकृती असतात.

पक्व माद्या वर्षाच्या बहुतेक महिन्यांत सापडतात; मात्र प्रजननाचा भर किनाऱ्यागणिक बदलतो. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी विणीचा काही भागच झाकू शकते. माकुलाचे आयुष्य साधारण वर्षभराचे असते आणि विणीनंतर प्राणी मरतो. अनेक वर्षे जगणाऱ्या माशांप्रमाणे येथे जुन्या पिढीची शिल्लक हाताशी राहत नाही, म्हणून वीण होण्याआधीच लहान माकूल मोठ्या प्रमाणात पकडले गेले तर त्याचा फटका लगेच पुढच्या वर्षीच्या पकडीला बसू शकतो.