श्रिंक स्लीव्हची पार्श्वभूमी : किरणांनी बांधलेले प्लास्टिक

देवगड-रत्नागिरीच्या आंबाबागांत विहिरीतल्या सबमर्सिबल पंपाच्या केबलला जोड द्यायचा असेल तर वायरमन काळी श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसणारी प्लास्टिकची नळी) मागतो. आच लागली की ती आवळून बसते, पण ओघळत नाही. साधे पॉलिथिन ११० ते १३० अंशांच्या आसपास वितळते, मग ही नळी तग कशी धरते?

पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले आणि महायुद्धात रडारच्या केबलवर चढले. वीजरोधक म्हणून उत्तम, उष्णतेत मात्र कच्चे. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ आर्थर चार्ल्सबी यांनी इंग्लंडमधल्या हार्वेलच्या अणुभट्टीत ठेवलेल्या पॉलिथिनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : किरणांचा मारा झालेला तुकडा वितळणबिंदूच्या वरही वाहत नाही, रबरासारखा ताणला जातो. किरणांमुळे पॉलिथिनच्या लांब रेणू-साखळीवरचे हायड्रोजन अणू निघून जातात आणि मोकळ्या झालेल्या जागी शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. हायड्रोजन वायू होऊन बाहेर पडतो. जाड मालात तो अडकला तर बुडबुडे धरतात.

सगळ्याच प्लास्टिकांना हे मानवत नाही. अ‍ॅक्रिलिक आणि ब्युटाइल रबर यांच्या साखळ्या जुळण्याऐवजी तुटतात. टेफ्लॉन हवेत थोड्याशा मात्रेतच ठिसूळ होते. याचाच फायदा घेऊन त्याच्या भंगाराची बारीक पूड करतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये जुळणे-तुटणे दोन्ही चालते, म्हणून २५ किलोग्रे (किरणांची शोषलेली मात्रा मोजायचे एकक) मात्रेने निर्जंतुक केलेली सिरिंज त्या दिवशी ठीक दिसते आणि काही महिन्यांनी तडकते. आत उरलेले मुक्त मूलक (तुटलेल्या बंधांचे चटकन जुळू पाहणारे तुकडे) ऑक्सिजनशी हळूहळू अभिक्रिया करत राहतात. वेगळे स्थिरक (ही अभिक्रिया रोखणारी रसायने) घातलेला ग्रेड वापरणे हाच त्यावरचा खरा उपाय.

१९५७ मध्ये अमेरिकेत पॉल कुक यांनी पुढे रेकेम या नावाने ओळखली गेलेली कंपनी काढली आणि आकसणारी नळी बाजारात रुळली. कृती आजही तीच. नळी एक्स्ट्रूड करायची (वितळलेले प्लास्टिक साच्यातून दाबून काढायची), इलेक्ट्रॉन झोताखाली साधारण १०० ते २०० किलोग्रे मात्रा द्यायची, प्लास्टिकमधले स्फटिक (साखळ्यांचे नीट रचलेले भाग) वितळतील इतकी तापवून हवेच्या दाबाने दुप्पट-तिप्पट फुगवायची आणि फुगलेली असतानाच थंड करायची. थंड होताना बनलेले स्फटिक तिला फुगलेली ठेवतात. पुन्हा तापवले की ते वितळतात आणि किरणांनी बांधलेले जाळे नळीला मूळ मापावर खेचते. मात्रा कमी पडली तर फुगवतानाच नळी फाटते, जास्त झाली तर ताणच घेत नाही. शिवाय १०० किलोग्रे एका दमात दिले तर पॉलिथिन चाळीसेक अंशांनी तापते. म्हणून माल झोताखालून अनेक फेऱ्यांत फिरवतात.

झोताची ऊर्जा जाडीवर ठरते. १ एमईव्हीचे (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) इलेक्ट्रॉन पॉलिथिनमध्ये जेमतेम तीन मिलिमीटरपर्यंत कामाचे. त्याहून जाड माल दोन्ही बाजूंनी मारावा लागतो. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण खोल जातात, पण संथपणे. तासन्‌तास चाललेल्या माऱ्यात हवेतला ऑक्सिजन आत झिरपतो आणि पृष्ठभाग खराब होतो. निर्जंतुकीकरणाला गॅमा चालतो, केबलला इलेक्ट्रॉनच बरे. (माल यात किरणोत्सारी होत नाही, ही शंका नेहमी येते.)

आपल्याकडची सुरुवात उत्तर कोकणातच, ठाण्याच्या खाडीकाठी झाली. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) भाभा अणुकेंद्रात १९७४ पासून आयसोमेड हा वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणारा गॅमा संयंत्र-प्रकल्प चालू झाला. पुढे रशियातल्या नोवोसिबिर्स्कमध्ये बनलेला २ एमईव्हीचा आयएलयू-६ त्वरक (इलेक्ट्रॉनना वेग देणारे यंत्र) आला. तो वाशीला केबल आणि प्लास्टिकच्या कामाला लागला. खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रात ३ आणि १० एमईव्हीचे देशी त्वरक उभे राहिले.

किनाऱ्यावर स्लीव्ह दगा देते ती बहुधा किरणांमुळे नव्हे, खाऱ्या हवेमुळे. केबलच्या आवरणावर मिठाचा थर असतो. तो पुसून, आवरण पॉलिश पेपरने खरवडून घेतले नाही तर आतला गोंद धरत नाही आणि पाणी तांब्यापर्यंत पोचते. विहिरीसाठी आतून गोंद असलेलीच स्लीव्ह घ्यावी. हा गोंद जाळ्यात बांधलेला नसतो, म्हणून तो वितळून फटी भरतो. आच मध्यापासून टोकांकडे न्यावी, नाहीतर हवा कोंडते. दोन्ही टोकांना गोंदाची कड दिसली की थांबावे. त्यापुढे बांधलेले पॉलिथिन वितळत नाही, थेट करपते.