संवादयुक्त कर्णरक्षक

मोठ्या गोंगाटात काम करणाऱ्याच्या कानांचे रक्षण करणारे आणि त्याच वेळी त्याला बोलण्या-ऐकण्याची सोय देणारे, डोक्यावर घालायचे उपकरण. कान पूर्ण झाकणारे दोन कप, त्यांच्या कडेच्या मऊ गाद्या, कपांतील स्पीकर, दांडीवरून तोंडापाशी येणारा माइक आणि बोलताना दाबायचे बटण हे त्याचे नेहमीचे भाग. कामाच्या जागी याला नुसते ‘हेडसेट’ म्हणतात. नाशिक परिसरात ओझरचा विमान कारखाना (१९६४), सैन्याची हेलिकॉप्टर प्रशिक्षण शाळा, देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आहेत. त्यामुळे जेट इंजिनाचा सलग आवाज, हेलिकॉप्टरच्या पंख्याची खर्जातली घरघर, तोफेचा क्षणिक धमाका आणि पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसचे ठोके असे गोंगाटाचे सगळे प्रमुख प्रकार एकाच तालुक्या-दोन तालुक्यांत आढळतात.

उगम : याबाबत एकमत नाही. काही लेखक अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन याच्या १९१० च्या सुमाराच्या हेडफोनपासून सुरुवात धरतात. अमेरिकी नौदलाने ते विकत घेतले हे खरे. पण त्यांचा हेतू क्षीण संदेश ऐकू यावा एवढाच होता. दुसरे मत पहिल्या महायुद्धातील ‘गॉस्पोर्ट नळी’कडे बोट दाखवते. शिक्षकाच्या तोंडापासून शिकाऊ वैमानिकाच्या टोपीतील कानांपर्यंत जाणारी ही साधी बोलनळी होती. तिचा सन बहुधा १९१७ देतात, कारण स्मिथ-बॅरी यांची गॉस्पोर्ट येथील उड्डाण शाळा त्या वर्षी नावारूपाला आली. तिसरी परंपरा निव्वळ रक्षणाची : त्याच युद्धात तोफांवरील सैनिकांसाठी निघालेली कानात घालायची मॅलॉक-आर्मस्ट्राँग बुचे. यांपैकी कोणत्याही एका साधनाला आजच्या हेडसेटचे मूळ मानणे ओढूनताणून वाटते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कातडी टोपी आणि गळ्याला बांधायचा माइक यांवर काम भागत असे. जेट इंजिने आल्यावर ते भागेना आणि रक्षण व संभाषण एकाच कपात आणणे भाग पडले, हे मत अधिक ग्राह्य आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत शॉ आणि थीसेन यांनी १९५० नंतरच्या दशकात द्रव भरलेल्या गाद्यांवर केलेले काम याच काळातले.

आवाजाला उलट्या लहरीने छेद देण्याच्या, म्हणजे नेमक्या विरुद्ध लहरीने तो पुसून टाकण्याच्या, कल्पनेबाबतही सनांचा घोळ आढळतो. पाउल ल्यूग याने जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला १९३३ मध्ये, तर अमेरिकी पेटंट मिळाले १९३६ मध्ये; दोन्ही सने त्यामुळेच प्रचलित आहेत. मात्र ल्यूगच्या मांडणीत भर नळीतून जाणाऱ्या आवाजावर होता, कानावरच्या कपावर नव्हे. कपात हे तंत्र बसवण्याचे प्रयत्न १९५० नंतरचे, आणि वैमानिकांसाठी असा हेडसेट बोस कंपनीने बाजारात आणला १९८९ मध्ये.

कार्य : बंद कप उच्च कंप्रतेचा, म्हणजे तार स्वराचा, आवाज चांगला अडवतो, खर्जाचा कमी. साधारणपणे १,००० हर्ट्झच्या वर ३० डेसिबल किंवा अधिक घट मिळते, तर १२५ हर्ट्झला ती निम्म्यावर येते. उलट लहरींचे तंत्र नेमके खर्जात उपयोगी पडते. म्हणून हेलिकॉप्टरमध्ये त्याचा लाभ जास्त, प्रेस शॉपमध्ये बेताचा. आणखी एका प्रकारात कपाबाहेर माइक असतात. ते आसपासचे बोलणे आत पोचवतात, पण आतल्या स्पीकरचा आवाज ८२ डेसिबलच्या आसपास रोखून धरतात. तोफेजवळ, जिथे धमाक्यांमधल्या शांततेत हुकूम ऐकू यायलाच हवा, तिथे हा प्रकार सोयीचा.

तोंडाजवळचा माइक दोन्ही बाजूंनी उघडा असतो. दूरचा गोंगाट दोन्ही बाजूंवर जवळजवळ सारखाच पडून वजा होतो, ओठांचा आवाज मात्र एकाच बाजूवर जोरात पडतो. हे साधण्यासाठी माइक ओठांच्या कोपऱ्यापाशी, जेमतेम काही मिलिमीटरवर आणि खुणेची बाजू तोंडाकडे करून ठेवावा लागतो. हनुवटीखाली लोंबणारा माइक गोंगाटच पुढे पाठवतो, आणि मग ऐकणारा आपल्या कपातला आवाज वाढवत राहतो.

बसवणे : शिरपट्टा पूर्ण उघडून, कप कानांवर ठेवून, मगच पट्टा टाळूला टेकेपर्यंत खाली सरकवतात. कानाची पाळी गादीखाली चेपता कामा नये. कानशिलावरचे केस, डूल, टोपीची कड आणि चष्म्याच्या जाड काड्या यांमुळे गादी व त्वचा यांत फट राहते, आणि खर्जाचा आवाज त्या फटीतूनच शिरतो. पगडी घालणाऱ्यांसाठी मानेमागून जाणारा पट्टा आणि शिरस्त्राणाला खोबणीत बसणारे कप मिळतात. घट्टपणा मात्र पुन्हा तपासावा लागतो. तपासण्याची सोपी रीत अशी : गोंगाटात उभे राहून तळव्यांनी दोन्ही कप दाबावेत. आवाज लक्षात येण्याइतका घटला, तर कप नीट बसलेले नाहीत.

वेष्टनावरील क्षमतेचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. भारतात कर्णरक्षकांसाठी आयएस ९१६७ हे मानक आहे. अमेरिकेत एनआरआर हा आवाज किती घटतो ते सांगणारा आकडा छापतात आणि प्रत्यक्षात तो बराच कमी धरण्याचा सल्ला तिथलेच तज्ज्ञ देतात. आकड्यापेक्षा घालण्याचा वेळ निर्णायक ठरतो. ३० डेसिबल अडवणारे कप आठ तासांच्या पाळीत अर्धा तास काढून ठेवले, तर कानांवर पडलेल्या एकूण ध्वनिऊर्जेच्या (समान ऊर्जेच्या) हिशोबाने सरासरी रक्षण १२ डेसिबलवर येते. माणूस कप काढतो तो बहुतेक वेळा शेजाऱ्याशी बोलायला. संवादाची सोय ही चैन नव्हे, ती यासाठी. कपाखाली बुचे घातल्यास सुमारे ५ डेसिबलची भर पडते, दोन्हींच्या बेरजेइतकी नाही, कारण कवटीच्या हाडांतूनही आवाज आत जातो.

वापर : भारतीय कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, अमेरिकेतील एनआयओएसएच ही कामगारांच्या सुरक्षितता व आरोग्यावर संशोधन करणारी संस्था ८५ सुचवते. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत (कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत) नोंदवला होता. विमानाची इंजिने जमिनीवर चालवून पाहताना खालचा तंत्रज्ञ लांब केबलने कॉकपिटशी जोडलेला असतो. प्रेस शॉपमध्ये केबल अडकण्याचा धोका असल्याने बिनतारी प्रकार बरा. ढोलपथकांत, ज्यांमुळे नाशिकचे नाव महाराष्ट्रभर गाजते, साधी बुचेही क्वचित दिसतात.

घामाने आणि उन्हाने गाद्या कडक होतात, त्यांना चिरा पडतात. दर सहा महिन्यांनी, नाहीतर चीर दिसताच, त्या बदलाव्यात. हेडसेट पाळीगणिक हातोहात फिरत असेल, तर प्रत्येकाची गादी व माइकवरची स्पंजाची टोपी वेगळी ठेवतात.