ओपन ॲक्सेसमध्ये शोधनिबंध : कोणता मार्ग, कोणती कागदपत्रे

मुंबईतल्या कॉलेजांत ओपन ॲक्सेसचा, म्हणजे निबंध कुणालाही मोफत वाचता येईल असा छापण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "किती पैसे पडतील?" प्रश्न रास्तच आहे, पण बहुतेक जण तो निबंध स्वीकारला गेल्यावर विचारतात. फीमाफीचा अर्ज मात्र बऱ्याच जर्नलांत सबमिशनच्या वेळीच द्यावा लागतो. गरीब देशांना आपोआप मिळणाऱ्या माफीच्या यादीत भारत सहसा नसतो, त्यामुळे मागितल्याशिवाय काही मिळत नाही.

गोल्ड जर्नल पूर्ण खुले असते आणि बहुधा लेखकाकडून एपीसी, म्हणजे प्रकाशन फी घेते. हायब्रिड हे वर्गणीचे जर्नल. त्यात फी भरून फक्त आपला निबंध खुला करता येतो. हा मार्ग सर्वांत महाग: 'नेचर'ने 2021 मध्ये यासाठी 9,500 युरो फी लावली. डायमंडमध्ये लेखक आणि वाचक दोघांनाही खर्च नाही. 1 जानेवारी 2025 पासून सरकारी संस्थांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या सामूहिक वर्गणी योजनेतून जर्नले वाचायला मिळतात. पण वाचायला मिळते म्हणून तिथे खुले छापणेही फुकट, असे समजू नका.

आमच्या मते आधी ग्रीन मार्ग पाहावा. वर्गणीच्या जर्नलात फी न भरता छापायचे आणि स्वीकृत हस्तलिखित रिपॉझिटरीत, म्हणजे निबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवायचे. स्वीकृत हस्तलिखित म्हणजे रिव्ह्यूअरच्या दुरुस्त्या झालेली शेवटची वर्ड फाइल, जर्नलचा लोगो आणि पानक्रमांक नसलेली. प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ चढवली की हक्कभंग होतो, आणि नेमकी तीच चूक सर्रास होते. 'ओपन पॉलिसी फाइंडर' या संकेतस्थळावर जर्नलचा आयएसएसएन, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, टाका. कोणती प्रत, कुठे आणि किती महिन्यांनी खुली करता येईल ते कळते. कॉलेजची रिपॉझिटरी नसेल तर झेनोडो ही सर्वांसाठीची रिपॉझिटरी आहे, मोफत, आणि डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांकही देते. प्रकल्पाला डीबीटी किंवा डीएसटी या केंद्रीय विज्ञान विभागांचा निधी असेल, तर 2014 च्या धोरणानुसार ही प्रत रिपॉझिटरीत जमा करणे अपेक्षितच आहे.

फी भरायचीच असेल तर स्वीकृतीपत्र, प्रोफॉर्मा इनव्हॉइस (आगाऊ बिल), प्रकाशन खर्चाचे शीर्षक असलेला मंजुरी आदेश आणि ऑर्किड या संशोधकांच्या ओळख-नोंदणीचा 16 अंकी क्रमांक जवळ ठेवा. इनव्हॉइस संस्थेच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह मागवा. तुमच्या नावाने आले तर लेखा विभाग ते परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. वर 18 टक्के जीएसटी धरा: 2,000 डॉलरचे 2,360 होतात. संस्थेने रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी स्वतःच, कर भरला तरी बजेटला तेवढीच कात्री लागते. बँकेच्या फॉर्मवर शुल्कासाठी 'ओयूआर' (सगळे बँकशुल्क आपणच भरणार) हा पर्याय निवडा. नाहीतर मधल्या बँकेने कापलेल्या काही डॉलरमुळे प्रकाशकाकडे रक्कम अपुरी दिसते आणि निबंध अडकतो.

यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल पारखण्याची जबाबदारी आता लेखकावर आणि कॉलेजवर आहे. चार दिवसांत स्वीकृती आणि लगेच फीची मागणी आली तर सावध व्हा. खऱ्या जर्नलचे नाव आणि आयएसएसएन उचललेल्या नकली साइटही असतात. मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. आयएसएसएन पोर्टल आणि डीओएजे या खुल्या जर्नलांच्या सूचीवर नोंदलेला पत्ता पाहून तिथूनच आत जा. फी आणि माफीची माहिती डीओएजेच्या पानावर असते. निबंध पाठवला त्या दिवशीच त्या पानाची तारखेसह प्रिंट काढून बढतीच्या फाइलला लावा. पुढे जर्नल डीओएजेतून वगळले गेले, तर स्क्रूटिनीत दाखवायला तोच कागद असतो.