युक्तिवादपरीक्षण

युक्तिवादपरीक्षण : एखाद्या मताच्या समर्थनार्थ पुढे केलेली कारणे खरी आहेत का, आणि ती खरी मानली तरी त्यांतून ते मत निघते का, या दोन प्रश्नांची छाननी. कारणांना आधारविधाने व मताला निष्कर्ष म्हणतात. ‘सर्व नद्या थेट समुद्राला मिळतात; नाग ही नदी आहे; म्हणून नाग थेट समुद्राला मिळते’ या युक्तिवादाची रचना निर्दोष आहे. पहिले विधान मात्र खोटे आहे. नाग नदीचे पाणी कन्हानात जाते. उलट ‘संत्री लिंबूवर्गीय आहेत, मोसंबी लिंबूवर्गीय आहेत, म्हणून मोसंबी म्हणजे संत्री नव्हेत’ यातली तिन्ही विधाने खरी असूनही तिसरे पहिल्या दोहोंतून निघत नाही. पहिला युक्तिवाद वैध पण असत्याधारित, दुसरा अवैध. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात ॲरिस्टॉटलपासून रचनेचा हा विचार आशयापासून अलग होत गेला.

भारतीय परंपरेत ही फारकत याच स्वरूपात आढळत नाही. न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथात, म्हणजे न्यायसूत्रांत, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन असे अनुमानवाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. इथेही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. न्यायसूत्रांचा काळ निश्चित नाही. साधारणपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक या पट्ट्यात त्यांची जडणघडण झाली असावी, असे मानले जाते. जर्मन संस्कृतज्ञ याकोबीने ती इ. स. २०० नंतरची ठरवली होती. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या वादसभांचे नियम देताना हेच अवयव थोड्या फरकाने येतात. त्यामुळे या रचनेचे मूळ शुद्ध तत्त्वचिंतनात नसून प्रत्यक्ष वादसभांत असावे, हे मत अधिक संभाव्य वाटते. अवयव दहा आहेत असे म्हणणाऱ्यांची नोंद न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात आहे. त्या दहांत जिज्ञासा व संशयही मोजले जात, हेही त्याच मताला पुष्टी देते. भारतीय अनुमानवाक्यावर ॲरिस्टॉटलचा प्रभाव पडला, ही सतीशचंद्र विद्याभूषणांनी मांडलेली उपपत्ती पुढे फारशी टिकली नाही. ॲरिस्टॉटलच्या रचनेत उदाहरणाला जागाच नाही; न्यायात उदाहरण गाळले की अनुमान लंगडे होते.

परीक्षणाचा भर हेतूवर असतो. सदोष हेतूला हेत्वाभास म्हणतात. न्यायसूत्रे सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम व कालातीत असे पाच हेत्वाभास देतात; नंतरच्या ग्रंथांत नावे व व्याख्या बदलल्या, संख्या बहुधा पाचच राहिली. बौद्ध आचार्य दिङ्नागाने (सु. पाचवे–सहावे शतक) हेतूची तीन लक्षणे काटेकोर केली : तो पक्षावर (ज्याविषयी अनुमान चालले आहे त्या डोंगरासारख्या स्थळी) असावा, सपक्षात (जिथे साध्य निश्चित आहे तिथे) आढळावा, विपक्षात (जिथे साध्य निश्चितपणे नाही तिथे) आढळू नये. यांपैकी पहिले लक्षण संशयित असले तर काय होते, हे नागपूरकराला समजावण्यासाठी पोथी उघडावी लागत नाही. कोराडीच्या वीज केंद्राच्या शीतलन मनोऱ्यांतून थंडीच्या सकाळी पांढरे लोट उठतात. लांबून पाहणारा त्याला धूर म्हणतो. पण ती पाण्याची वाफ असते. राखाडी धूर बाजूच्या उंच चिमणीतून जातो. मनोऱ्याच्या लोटावरून ‘तिथे आग आहे’ म्हणणाऱ्याचा निष्कर्ष योगायोगाने खरा ठरतो, कारण बॉयलर जवळच असतो. हेतू मात्र असिद्धच, म्हणजे पक्षावर असल्याचे न ठरलेला. न्यायप्रवेश या बौद्ध ग्रंथात संदिग्धासिद्धाचे उदाहरण नेमके वाफेच्या संशयाचेच आहे.

तिसऱ्या लक्षणाचा भंग म्हणजे व्यभिचार. ‘अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे’ हे अनुमान तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यापाशी अडते : अग्नी आहे, धूर नाही. नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) इथे उपाधी, म्हणजे लपलेली अट, दाखवतात. धूर ओल्या सरपणामुळे होतो, नुसत्या अग्नीमुळे नव्हे. लपलेली अट शोधण्याची ही पद्धत आजच्या चर्चांतही फार उपयोगी पडते. मात्र पाठ्यपुस्तकांत ती चार ओळींत उरकली जाते.

परीक्षणाची साधने स्वतः कशी तपासायची, हा प्रश्न बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने (सु. इ. स. दुसरे–तिसरे शतक) विग्रहव्यावर्तनीत उभा केला. वस्तू प्रमाणांनी (ज्ञानसाधनांनी) सिद्ध होतात, तर प्रमाणे कशाने? दुसऱ्या प्रमाणांनी म्हटले तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी. आपोआप म्हटले तर प्रतिज्ञाच सुटली. सर्व वस्तू शून्य, म्हणजे स्वतःच्या स्वभावाविना आहेत, असे नागार्जुनाचे मत. सर्व शून्य असेल तर तुझे हे वाक्यही शून्यच, या प्रतिपक्षाच्या आक्षेपाला तो उत्तर देतो की माझी प्रतिज्ञाच नाही, म्हणून दोषही नाही. ही पळवाट की युक्तिवादाच्या मर्यादेची जाणीव, यावर अभ्यासकांत एकमत नाही. न्यायसूत्रांतही हाच आक्षेप येतो आणि त्याला तराजूचे उत्तर दिले आहे : तराजू सोने तोलतो आणि तोच ज्ञात वजनाच्या सोन्याने तपासताही येतो. नागपुरातील इतवारीच्या सराफ्यात काट्यावर दागिना ठेवण्याआधी गिऱ्हाईक त्यावरच्या पडताळणीच्या मुद्रेकडे पाहते, तेव्हा ते हीच भूमिका घेत असते. नागार्जुन आधी की ही सूत्रे, हे ठरवणे अवघड आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांचे युक्तिवाद ठाऊक होते, एवढे म्हणता येते.

नागार्जुनाचे विदर्भाशी नाते हा स्वतंत्र वाद आहे. बौद्ध ग्रंथांचा चिनी अनुवादक कुमारजीव याच्या नावावरील चरित्रात तो दक्षिण भारतीय ब्राह्मण आहे; चिनी प्रवासी युआन च्वांग त्याला दक्षिण कोसलातील सातवाहन राजाशी जोडतो; बु-स्तोन हा चौदाव्या शतकातील तिबेटी इतिहासकार विदर्भाचे नाव घेतो. रामटेक परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडी व गुहा दाखवतात. जवळच्या मनसर येथील उत्खननांत वाकाटककालीन विटांची भव्य बांधकामे उघडी झाली. काहींनी त्यांचा संबंध बौद्ध परंपरेशी व नागार्जुनाशी लावला. इतर अभ्यासक तिथे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर व तिचे शैव देवालय पाहतात. वास्तू नागार्जुनानंतरच्या असल्याने त्यांवरून त्याचे जन्मस्थान सिद्ध होत नाही. स्थाननामाची परंपरा हा हेतू इथे अनैकांतिक, म्हणजे सव्यभिचार, आहे. आंध्रातील नागार्जुनकोंड्यालाही तो तितकाच लागू पडतो.

नैतिक युक्तिवादांत आणखी एक अडचण असते. आधारविधाने ‘आहे’ची आणि निष्कर्ष ‘असावे’चा, ही उडी स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९–४० मध्ये दाखवून दिली. मधले मूल्यविधान बहुधा अनुच्चारित राहते. ते बोलके करणे हे परीक्षकाचे पहिले काम. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात केलेल्या भाषणात याचा ठळक नमुना आहे. मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने कातडी, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडते, म्हणून ते सोडू नये, असा युक्तिवाद वृत्तपत्रातून झाला होता. उत्पन्नाच्या हिशेबावर त्यांनी वेळ घालवला नाही. ‘लाभ होत असेल ते करावे’ हे दडलेले विधान त्यांनी पुढे ओढले आणि माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, असे सांगून ते नाकारले. शिवाय एवढा लाभ आहे तर तुम्हीच का करीत नाही, असा उलट सवाल केला. हा सवाल तार्किक खंडन नव्हे. बोलणारा आपले मूल्यविधान स्वतःला लावतो का, याची ती कसोटी आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या धरल्या तर भाषणातील युक्तिवादाचे बळ अधिक नेमके कळते.

मराठीत दृष्टांतावर उभी राहिलेली मांडणी महानुभाव वाङ्मयात आढळते. केशिराजबासांच्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत व दार्ष्टान्तिक (दृष्टांत सूत्राला लावून दाखवणे) असा क्रम आहे. ही मांडणी न्यायातील उदाहरणाची आठवण करून देते, परंतु तिचा हेतू प्रतिपक्ष जिंकण्याचा नसून सूत्राचा अर्थ उकलण्याचा आहे. आधुनिक काळात सुरेंद्र बारलिंगे यांनी भारतीय तर्कशास्त्राची आधुनिक परिभाषेत मांडणी केली (१९६५). दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपूरहून सुरू केलेल्या आजचा सुधारक या मासिकाने विवेकवादी लेखन चालवले. नावात आगरकरांच्या सुधारकाचे (१८८८) स्मरण आहे. परिभाषा अजून स्थिरावलेली नाही. एकाच अर्थाने वैध, युक्त व प्रमाण असे तिन्ही शब्द वापरले जातात. त्यांपैकी ‘प्रमाण’ टाळणे बरे, कारण न्यायात तो ज्ञानसाधनाचा वाचक आहे.